फाटकापलीकडची बाजू

मणिपूरच्या आग्नेय टोकाला मोरे नावाचं गाव आहे. इंफाळपासून साधारण ११० किलोमीटर. गावाच्या शेवटी सरहद्दीचं फाटक, फाटकापलीकडे नामफालोंगचा बाजार आणि आणखी थोडं पुढे म्यानमारचं तामू शहर. मोरेत कुकी आणि नेपाळी आहेत, २०२३ पर्यंत मैतेईही होते, आणि तमिळसुद्धा आहेत. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी बर्मात सत्ता घेतली, दुकानं आणि धंदे सरकारजमा झाले आणि लाखो हिंदी लोकांना देश सोडावा लागला. त्यातली काही तमिळ कुटुंबं मद्रासेत रमली नाहीत. ती पायी परत बर्माकडे निघाली, सरहद्दीवर अडली आणि तिथेच राहिली. म्हणून देशाच्या या कोपऱ्यात गरम इडली मिळते.

त्या भागात पोस्टिंग असलेल्या प्रत्येकाच्या एक गोष्ट ध्यानात येते. फाटकाच्या अलीकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, पलीकडे उजव्या. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे सोयरे, बाजार एक, पाऊस एक, धूळही एकच. बाजू मात्र उलटी. असं का, याचा मागोवा घेताना मी बराच लांब गेलो. त्यात जे सापडलं ते आज लिहितो आहे. शेवटी हा विषय आपल्या छावणीच्या फाटकापर्यंतही येतो.

बर्मा १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्यामुळे तिथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालायच्या. ६ डिसेंबर १९७० ला ने विन सरकारनं सगळ्या देशाची बाजू बदलून उजवी केली. का केली, याबद्दल रंगूनमध्ये दोन कथा सांगतात. एक, ज्योतिषानं जनरलसाहेबांना देश फार डावीकडे झुकल्याचं सांगितलं. दुसरी, त्यांना तसं स्वप्न पडलं. कथा खऱ्या असोत की खोट्या, हुकूम खरा होता.

पण हुकूम रस्त्याला लागू झाला, गाड्यांना नाही. रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. पुढे जपानमधून वापरलेल्या गाड्या येऊ लागल्या, त्यांचंही उजवीकडेच. उजव्या बाजूनं चालणाऱ्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसला म्हणजे तो रस्त्याच्या कडेला बसतो. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं तर त्याला समोरचं दिसत नाही. डाव्या सीटवरच्या माणसानं डोकं बाहेर काढून ‘चल’ म्हणायचं, मग गाडी बाहेर काढायची. त्या जपानी बसचे दरवाजे डावीकडे, म्हणजे म्हातारी-कोतारी माणसं भर रस्त्यात उतरणार. असं दोन-चार वर्षं नाही, तब्बल चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललं.

मुळात डावी बाजू किंवा उजवी बाजू यात शहाणपण कुठलं?

एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते. बहुतेक माणसं उजव्या हाताची, तलवार उजव्या हातात, म्हणून समोरून येणारा अनोळखी घोडेस्वार आपल्या उजव्या अंगाला असलेला बरा. त्यासाठी आपण डावीकडून जायचं. फौजी माणसाला ही गोष्ट फार आवडते. पण तो अंदाज आहे, पुरावा नव्हे.

पुरावा मिळतो तो मालवाहतुकीचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यानं १७९२ मध्ये फिलाडेल्फिया ते लँकेस्टर या टोल रस्त्यासाठी उजव्या बाजूचा नियम केला. त्या काळच्या तिथल्या मोठ्या मालगाड्यांना गाडीवानाची बैठकच नसे. चार-सहा घोडे जोडलेले, आणि गाडीवान मागच्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसायचा, म्हणजे उजव्या हातातला चाबूक सगळ्या घोड्यांपर्यंत पोचतो. डावीकडे बसलेल्या माणसाला समोरून येणारी गाडी आपल्या डाव्या बाजूनं गेलेली सोयीची. चाकाला चाक घासतंय का ते वाकून बघता येतं. म्हणून तो रस्त्याच्या उजवीकडे राहिला. पुढे १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ आली. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं आणि ती इतकी खपली की उजवी बाजू पक्की झाली.

इंग्लंडमध्ये उलट झालं. लंडन ब्रिजवरची कोंडी सोडवण्यासाठी अठराव्या शतकातच डावीकडून जाण्याचा दंडक घातला होता. १८३५ च्या हायवे ॲक्टनं तो देशभराचा कायदा केला. इंग्रज जिथे गेले तिथे तो गेला. आपल्याकडे १९३९ च्या मोटर वाहन कायद्यात डाव्या बाजूचा नियम आला आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. आज जगातली साधारण एक तृतीयांश माणसं डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशांत राहतात, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास आपण आहोत.

म्हणजे सुरुवातीला घोडा, चाबूक आणि पूल. पण पुढे कुणी बाजू बदलली याची यादी पाहिली तर वेगळं कारण दिसतं. ते कारण म्हणजे शेजारी.

पोर्तुगालनं १९२८ मध्ये डावी सोडून उजवी बाजू घेतली, कारण शेजारचा स्पेन उजवा होता. वसाहतींनाही तोच हुकूम जायला हवा होता. पण गोवा डावाच राहिला. तीन बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान असताना एवढ्याशा मुलखानं बाजू बदलून करायचं काय? मोझांबिक आणि मकावही याच कारणानं डावे राहिले. त्यामुळे डिसेंबर १९६१ मध्ये आपली फौज गोव्यात शिरली तेव्हा आमच्या ड्रायव्हरांना बाकी सगळं नवीन होतं, रस्त्याची बाजू तेवढी ओळखीची होती.

ऑस्ट्रियात एकाच देशात पश्चिमेकडचे प्रांत उजवे आणि व्हिएन्ना डावं, असा प्रकार कित्येक वर्षं होता. १९३८ मध्ये हिटलरनं देश गिळला आणि व्हिएन्नाही उजवं झालं. आफ्रिकेत नायजेरियानं १९७२ मध्ये आणि घानानं १९७४ मध्ये इंग्रजांची डावी बाजू सोडली, कारण आजूबाजूच्या जुन्या फ्रेंच वसाहती उजव्या होत्या.

आपल्या ईशान्येतही अशी एक गोष्ट दडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जनरल स्टिलवेल यांच्या देखरेखीखाली आसामातल्या लेडोपासून बर्मामार्गे चीनला जोडणारा रस्ता बांधला गेला. लेडो ते कुनमिंग सुमारे १,७०० किलोमीटर. पहिला कॉन्व्हॉय जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. या रस्त्यावर चालणारे अमेरिकन ट्रक डाव्या स्टिअरिंगचे होते. युद्धाच्या शेवटी चीनमध्ये अशा अमेरिकन गाड्यांचा भरणा झाला होता, आणि १ जानेवारी १९४६ पासून चीननं उजवी बाजू स्वीकारली. एवढा मोठा देश बाजू बदलतो, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे दोस्ताकडून आलेल्या गाड्यांचं स्टिअरिंग कुठे होतं, हे.

आता बर्मापेक्षा नीट बदललेल्या दोन जागा पाहू.

पहिली स्वीडन. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवे, एकटा स्वीडन डावा. गंमत म्हणजे स्वीडिश लोकांच्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग आधीपासूनच डावीकडे होतं, म्हणजे उजव्या बाजूला सोयीचं. तरीही १९५५ मध्ये जनमत घेतलं तेव्हा जवळजवळ ८३ टक्के लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. सरकारनं काही वर्षं थांबून १९६३ मध्ये संसदेत निर्णय घेतला आणि मग चार वर्षं तयारी केली. ही तयारी एखाद्या मोठ्या लष्करी कारवाईसारखी होती. नवे फलक आधीच उभारून झाकून ठेवले. हजारो बसगाड्यांना दुसऱ्या बाजूला दरवाजे बसवले. काही जुन्या बस पाकिस्तान आणि केनियाला विकल्या. बदलाचं बोधचिन्ह दुधाच्या खोक्यांवर छापलं, अगदी अंतर्वस्त्रांवरही छापलं. गाण्यांची स्पर्धा घेतली. शाळांत शिकवलं.

३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबल्या, सावकाश उजवीकडे सरकल्या, पुन्हा थांबल्या आणि बरोबर ५ वाजता चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देशभरात १२५ अपघात नोंदले गेले. एरवीच्या सोमवारी हा आकडा १३० ते १९८ च्या दरम्यान असे. म्हणजे अख्खा देश उलट्या बाजूनं चालत होता आणि अपघात कमी झाले होते!

याचं कारण उघड आहे. प्रत्येकजण घाबरून, समोरच्याकडे बघून, हळू चालवत होता. साधारण दोन वर्षांत नवी बाजू अंगवळणी पडली, भीती गेली आणि अपघातांचं प्रमाण पुन्हा पूर्वीसारखं झालं. बाजूनं कुणाला वाचवलं नव्हतं. लक्ष देण्यानं वाचवलं होतं.

दुसरी जागा ओकिनावा. जपान डावा, पण १९४५ नंतर ओकिनावा अमेरिकनांच्या ताब्यात होता आणि तिथे उजवी बाजू चालत असे. १९७२ मध्ये बेट जपानला परत मिळालं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार एका देशात सगळीकडे एकच बाजू हवी. तरी जपाननं सहा वर्षं घेतली. ३० जुलै १९७८ ला सकाळी ६ वाजता बाजू बदलली. तारखेवरूनच त्या मोहिमेचं नाव पडलं, ‘सात-तीन-शून्य’. बससाठी डाव्या दरवाजाच्या नव्या गाड्या आणल्या. या बदलात एक भावनाही होती: परक्यांच्या फौजेची बाजू जाऊन आपल्या देशाची बाजू परत आली.

म्हणजे तोच हुकूम तीन ठिकाणी निघाला. स्वीडन आणि ओकिनावात बसचा दरवाजा आधी बदलला, मग रस्ता. बर्मात रस्ता बदलला, दरवाजा राहून गेला. हुकूम देणाऱ्या प्रत्येकानं, आणि यात आम्ही अधिकारीही आलो, हा फरक ध्यानात ठेवावा.

इथपर्यंत बाजूची गोष्ट झाली. पण माझ्या अनुभवात बाजू हा सगळ्यात सोपा भाग आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर पूर्व काँगोत आपले जवान जातात. काँगो बेल्जियमची वसाहत होता म्हणून उजवा, आणि लागून असलेला युगांडा इंग्रजांचा म्हणून डावा. बुनागानाच्या नाक्यावर मोरेसारखीच बाजू बदलते. तिथे राष्ट्रसंघाची गाडी चालवायला आपलं लायसन्स असलं तरी वेगळी चाचणी द्यावी लागते. गाडीत स्वतःचं कार्ड सरकवल्याशिवाय ती सुरू होत नाही. कोण चालवतोय, किती वेगानं, सगळं नोंदलं जातं, आणि वेग ओलांडत राहिलं तर परवाना काढून घेतात. आठवड्याभरात आमच्या पोरांना उजवी बाजू जमायची. एका हरयाणवी ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, “साहब, हाथ तो दो दिन में सीख जाता है, हॉर्न छूटने में महीना लगता है.”

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. बाजू कायद्यात लिहिलेली असते. रिवाज कुठेच लिहिलेला नसतो. ब्रिटनमध्ये समोरच्यानं दिवे मिचकावले तर बहुधा त्याचा अर्थ ‘या, तुम्ही आधी’. तिथल्या नियमपुस्तकात मात्र दिवे फक्त ‘मी इथे आहे’ सांगण्यापुरतेच वापरावेत असं आहे. आपल्याकडे त्याच दिव्यांचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. अरुंद पुलावर या दोन रिवाजांची माणसं समोरासमोर आली तर दोघंही पुलावर घुसतील, दोघंही आपल्या परीनं सभ्यच. आपला ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा एकतर तो उजवीकडे वळणार असतो किंवा मागच्याला ‘काढ पुढे’ म्हणत असतो. कुठलं, ते मागच्यानं ओळखायचं. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही तर ट्रकच्या पाठीवर रंगवलेली विनंतीच होती. कारण विनाकारण हॉर्न वाजवायला ती उत्तेजन देते, म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

उलट काही रिवाज आपले सुंदर आहेत. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा आपल्या कायद्यातलाही नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण, हे ट्रकवाल्याला ठाऊक असतं. लडाख किंवा सिक्कीमच्या घाटांत ट्रकवाले आपापसांत हा नियम पोलिसांशिवाय पाळतात. तिथे तोंडातोंडी अडकतात ते बहुतेक पर्यटकच.

रिवाज कसा एका पावलावर बदलतो ते बघायचं असेल तर पश्चिम बंगालमधल्या जयगावला जावं. जयगावला लागूनच भूतानचं फुंटशोलिंग. दोन्ही देश डाव्या बाजूचे. मधे एक रंगीत कमान. कमानीच्या अलीकडे हॉर्न, रिक्षा, हातगाड्या, ट्रक, सगळ्यांचा एकच कल्लोळ. पलीकडे पाऊल टाकलं की आवाज थांबतो. झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. आणि थांबलेल्या गाड्यांतल्या कित्येक भारतीय नंबराच्या असतात. तोच ड्रायव्हर पाच मिनिटांपूर्वी जयगावात हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो.

भूतानमध्ये मोटारीचा इतिहासच मुळी लहान आहे. १९५८ मध्ये पंडित नेहरू तिथे गेले तेव्हा गाडीरस्ताच नव्हता. घोड्यावरून आणि याकवरून जावं लागलं. १९६१ पासून आपल्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं फुंटशोलिंग ते थिंफूचा रस्ता केला. म्हणजे रस्ता आपणच बांधून दिला, आणि त्यावर चालायचा रिवाज त्यांनी स्वतःचा बनवला. थिंफूत आजही सिग्नल नाही. एकदा बसवला होता. लोकांना तो रुक्ष वाटला म्हणून काढला, आणि चौकातल्या रंगीत छत्रीखाली हातवारे करणारा पोलीस परत आणला.

म्हणून ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही’ हे वाक्य मला पटत नाही. रक्त कमानीपाशी बदलत नाही. समोरचा कसा वागेल याचा अंदाज तेवढा बदलतो. पलीकडे सगळे थांबतात म्हणून मीही थांबतो. अलीकडे कुणी थांबत नाही म्हणून थांबणारा मूर्ख ठरतो. मागचा हॉर्न मारतो ते वेगळंच.

आता आपल्या छावणीचं फाटक. आत चाळीसची वेगमर्यादा, डोक्यावर हेल्मेट, बेल्ट लावलेला, कारण मिलिटरी पोलीस उभा आहे आणि चूक झाली तर सोमवारी कंपनी कमांडरपुढे उभं राहायचं आहे. तोच जवान सुट्टीवर गावी जातो, भावाची मोटारसायकल घेतो, हेल्मेट माळ्यावर ठेवतो आणि मागे दोघांना बसवून जत्रेला निघतो. चेकपोस्टवर, बर्फात, चकमकीत वाचलेला पोरगा गावाबाहेरच्या वळणावर जातो. कुठल्याही कमांडिंग ऑफिसरला विचारा, रात्री वाजणाऱ्या कोणत्या फोनची त्याला जास्त धास्ती वाटते. सुट्टीवरच्या जवानाच्या गावाहून येणाऱ्या फोनची.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रोज सुमारे ४६०. त्यातले सुमारे ५० हजार हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले. लाखामागे पाहिलं तर आपल्याकडे वर्षाला साधारण १२ माणसं रस्त्यावर मरतात, स्वीडनमध्ये साधारण २. बाजू बदलल्यावर स्वीडनमधलं अपघातांचं प्रमाण दोन वर्षांत पूर्ववत झालं होतं, हे वर आलंच आहे. ते तिथे थांबले नाहीत. रस्त्यावर एकही मृत्यू होऊ नये हे ध्येय त्यांच्या संसदेनं १९९७ मध्ये ठरवलं आणि त्यासाठी रस्ते, चौक आणि वेगमर्यादा बदलत राहिले. आज तिथे वर्षाला अडीचशेहून कमी माणसं रस्त्यावर मरतात.

दंड वाढवला पाहिजे, रस्ते सुधारले पाहिजेत, हे खरंच. पण ते आपल्या हातात नाही. युनिटमध्ये आम्ही एक करतो. सुट्टीचा पास देताना जवानाला विचारतो, घरी हेल्मेट आहे का? नसेल तर कँटीनमधून घेऊन सामानात टाकायला लावतो. पहिल्या वर्षी पोरं लाजत होती. गावात हेल्मेट घालणारा एकटाच दिसतो म्हणून हसतात, असं म्हणत होती. दोन वर्षांनी सातारा जिल्ह्यातला एक हवालदार सांगत होता, की आता त्यांच्या वाडीत फौजी सुट्टीवर आले की तिघंचौघं हेल्मेट घालून निघतात, आणि हसायचं बंद झालं आहे. एकट्यानं घातलं तर तो वेडा. चौघांनी घातलं की त्या वाडीचा रिवाज.